जीर्ण गायी, नवे रथ

वस्तू टाकून देणे आणि वस्तू बदलून घेणे या दोन क्रिया आपण सहसा निरनिराळ्या मानतो. टाकण्यात थोडा अपराधभाव असतो. बदलण्यात व्यवहारचातुर्य दिसते. जुने देऊन नवे घेणारा माणूस आपण काही गमावले असे म्हणत नाही, मिळवले असेच म्हणतो. या समजुतीविषयी मला प्रथम शंका आली ती बंगळूरमध्ये, काही वर्षांपूर्वीच्या आयुधपूजेच्या दिवशी. आणि तिला निमित्त झाली एक जुनी मोटार.

माझे वडीलबंधू विमान कारखान्यातील नोकरीच्या निमित्ताने तरुणपणीच बंगळूरला गेले आणि तिथलेच झाले. दादाला जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. त्याची १९९१ सालची काँटेसा जयनगरातील घराच्या अंगणात धुऊनपुसून उभी केलेली होती. तिला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. त्या प्रांतीच्या रिवाजाप्रमाणे कुंकू भरलेला कोहळा फोडून झाला, चाकांखाली लिंबे ठेवून गाडी हातभर पुढे घेऊन झाली, आणि मग पुतण्या माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, हिची ही शेवटचीच पूजा. ही देऊन दुसरी घ्यावी म्हणतोय. तुम्हाला काय वाटतं?" दुसरी म्हणजे दोन आसनांची, जमिनीसरशी बसणारी, परदेशी बनावटीची स्पोर्ट्‌स कार. जुन्या गाडीची किंमत नव्या गाडीच्या किमतीतून वळती करून घेण्यास शोरूम तयार होती. कर्जाचे हप्ते, विमा, सारा हिशेब त्याने मांडून ठेवला होता. त्याला माझ्याकडून सल्ला नको होता. अनुज्ञा हवी होती. ती मला लगेच देता आली नाही, आणि का देता आली नाही याचा शोध हाच या लेखाचा विषय आहे.

गाडीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेत १९६४ सालच्या पाँटिअॅक जीटीओपासून ज्यांना 'मसल कार' म्हणू लागले, त्या मध्यम आकाराच्या अंगात थोराड इंजिन बसवलेल्या मोटारी होत्या. १९७३ च्या तेलसंकटानंतर त्यांची सद्दी संपली. आपल्याकडे काँटेसाला हौसेने त्या कुळात बसवतात ते तिच्या रुंद, चौकोनी, छाती काढून उभ्या राहिलेल्या रूपामुळे. बळ तिच्या अंगी बेताचेच होते. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ मध्ये ती बाजारात आणली तेव्हा तिच्यात अॅम्बॅसडरचेच दीड लिटरचे इंजिन होते; १.८ लिटरचे जपानी इसुझु इंजिन आणि पाच गिअर तिला पुढे मिळाले. याहून लक्षणीय गोष्ट अशी की, तिचे मूळ रूप व्हॉक्सॉल या ब्रिटिश कंपनीच्या ज्या मोटारीवरून घेतले होते, ती तिकडे १९७८ मध्येच बंद झालेली होती. एका देशाने उतरवून ठेवलेले वस्त्र दुसऱ्या देशात नवे म्हणून नेसले गेले. आपल्या दृष्टीने जे टाकले जाते ते जगातून नाहीसे होत नाही, कोणाच्या तरी अंगणात जाते, हे या गाडीच्या जन्मकथेतच लिहिलेले होते.

दादाने ती घेतली त्या साली देशाची आर्थिक कवाडे नुकतीच उघडू लागली होती. त्याआधी मोटार ही बदलण्याची वस्तू नव्हती, सांभाळण्याची वस्तू होती. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी, मिळाली की जन्मभर जपावी, असा तो काळ. त्या जपणुकीचे गोडवे आपली पिढी फार गाते. परंतु दुसरा पर्यायच नसताना राखलेल्या निष्ठेला सद्‌गुण म्हणता येईल काय? ज्याला सोडून जाण्याची मोकळीक आहे त्याचे थांबणे हेच खरे थांबणे. मला तर असेही आठवते की, काँटेसा घेताना दादाने आपली प्रीमियर पद्मिनी फारसा विचार न करता देऊन टाकली होती. त्याचा विमान कारखाना आणि ती पद्मिनी या दोहोंचे मूळ एकाच पुरुषाच्या उद्यमात होते: वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साह्याने बंगळूरला विमानांचा, आणि १९४४ मध्ये मुंबईला प्रीमियर मोटारींचा उद्योग उभा केला. हा योगायोग दादा मोठ्या अभिमानाने सांगत असे. परंतु म्हणून पद्मिनी ठेवून घ्यावी असे त्याला वाटले नाही. तेव्हा मीच त्याला पत्र लिहून या उधळपट्टीबद्दल चार शब्द सुनावले होते. आज पुतण्याला पित्याच्या स्मृतीचा दाखला द्यायचा, तर कोणत्या पित्याच्या? गाडी जपणाऱ्या की गाडी बदलणाऱ्या? पित्याची वस्तू सांभाळणे आणि पित्यासारखे वागणे या दोन निष्ठा इथे एकमेकींविरुद्ध उभ्या होत्या.

शिवाय अंगणातली गाडी दादाने घेतलेलीच गाडी होती काय? तीस वर्षांत तिचा कार्बुरेटर बदलला, रेडिएटर बदलला, क्लच प्लेट कितीदा बदलली याची गणती नव्हती; दोन दरवाजे जे. सी. रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांतून शोधून आणलेले होते. 'मिलिंदपञ्हा'त नागसेन यवन राजाला हाच प्रश्न विचारतो. दांडा म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि 'रथ' हे या साऱ्यांच्या आश्रयाने चालणारे केवळ नाव आहे, या निष्कर्षाला येतो. ही युक्ती पुतण्याच्या बाजूची आहे असे प्रथम वाटते: जे मुळात नाहीच ते देऊन टाकण्यात पाप कसले? पण थोडे थांबून पाहिले तर ती दुसरीकडेही वळते. नाव भागांत नसेल, तर ते टिकले कशामुळे? कोणीतरी प्रत्येक झिजलेल्या भागाच्या जागी नवा भाग आणून बसवला म्हणून. वस्तूचे एकत्व धातूत नसते; तिच्यावर सातत्याने खर्ची पडलेल्या काळजीत असते. ती काळजी थांबली की वस्तू जागच्या जागी उभी राहूनही वेगळी होते. दादाच्या पश्चात त्या गाडीवर चार वर्षांत तीन वर्षे ताडपत्री होती. पूजा वर्षातून एकदा होत होती. तेल बदलले जात नव्हते.

या संदर्भात कांटने १७८५ मध्ये केलेला भेद साहित्याच्या विद्यार्थ्यांनाही उपयोगी पडावा. ज्याच्या जागी तेवढ्याच मोलाचे दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत असते. ज्याच्या जागी काहीच ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा असते. प्रतिष्ठा त्याने मनुष्याच्या नैतिक अस्तित्वापुरती राखून ठेवली. वस्तूंच्या वाट्याला किंमत ठेवली, मात्र तिचे दोन प्रकार केले. एक बाजारभाव, आणि दुसरी आवडीपोटी आपण लावतो ती किंमत. आपल्या घरांतील भांडणे बहुधा या दुसऱ्या प्रकारावरून होतात. आजीचे जाते, वडिलांचे घड्याळ, भावाची मोटार यांना आपण प्रतिष्ठा देऊ पाहतो आणि ते देताना जिवंत माणसांची प्रतिष्ठा विसरतो. मी स्वतः ती कशी विसरलो ते पुढे येईलच.

जुना वारसा देऊन मोकळे होण्याचा प्रश्न बंगळूरला नवा नाही. हे शहरच एकदा अशा सौद्याचा विषय झालेले आहे. विजापूरकरांनी १६३८ मध्ये ते जिंकल्यावर शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि त्यांच्यामागे एकोजींकडे गेले. परंतु एकोजींचा जीव तंजावरात रमलेला. इतक्या दूरच्या ठाण्याचे रक्षण महाग पडू लागले, तेव्हा १६८७ मध्ये त्यांनी बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराय वोडेयरांना तीन लाख रुपयांस विकण्याचे ठरवले. सौदा पुरा होण्याआधीच मोगलांच्या कासिमखानाने शहर घेतले आणि मग त्याच्याकडून ते चिक्कदेवरायांच्या हाती गेले. एकोजींना दोष देणे सोपे आहे. पण जे राखता येत नाही ते नावापुरते धरून ठेवण्याचा अधिकार तरी वारसाला कोठून येतो? या बाबतीत मी त्यांच्या बाजूचा आहे. मात्र त्या व्यवहारातील एक गोष्ट खटकते. किंमत ठरली, घेणारा ठरला. ज्यांचे ते शहर होते त्या पेठांतल्या माणसांना कोणी काही विचारले असेल असे वाटत नाही.

आमच्याही घरात तेच चालले होते. पुतण्या आणि मी ओसरीवर बसून नागसेन, कांट आणि एकोजी यांचा खल करीत होतो, आणि वहिनी आत तबके आवरीत होत्या. त्या गाडीत त्या तीस वर्षे बसल्या होत्या. दादाला शेवटचे इस्पितळात नेले तेही त्याच गाडीतून, वहिनींच्या मांडीवर डोके ठेवून. त्यांना ती जवळ हवी असणार असे मी गृहीत धरले होते. त्यांना तिची अडचण होत असणार असे पुतण्याने गृहीत धरले होते. दोघांनीही विचारले नव्हते. अखेर त्याच बाहेर आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही दोघं मघापासून काय मिळणार आणि काय जाणार तेवढंच बोलताय. देणार कोणाला?"

पुतण्या म्हणाला, "शोरूमवाल्यांना. ते पुढे विकतील कोणाला तरी."

"त्या 'कोणाला तरी'ला कळेल का, की गाडी तापली की दुसरा गिअर निसटतो आणि घाटात ब्रेक दोनदा दाबावा लागतो? ते असते तर सांगितल्याशिवाय दिली नसती त्यांनी."

'देणार कोणाला?' हा प्रश्न ऐकला आणि मला कठोपनिषदाचा आरंभ आठवला. वर्षानुवर्षे मी तो मृत्युविषयक संवाद म्हणून वाचत आलो होतो. त्याची सुरुवात एका लबाडीच्या देण्याने होते हे माझ्या ध्यानातून निसटले होते. वाजश्रवस सर्वस्व दान करायला निघतो आणि देतो काय, तर शेवटचे पाणी पिऊन झालेल्या, शेवटचे गवत खाऊन झालेल्या, दूध आटलेल्या गायी. मुलगा नचिकेता ते पाहतो आणि बापाला विचारतो, मला कोणाला देणार? तीनदा विचारतो. पुढे यम त्याला दीर्घायुष्य, सोने, घोडे, सुंदर स्त्रियांसह रथ असे सारे देऊ करतो, आणि तुझे रथ तुझ्यापाशीच राहू देत, असे तो मुलगा सांगतो. एकाच कथेत जीर्ण गायी देण्याचा नकार आहे आणि नवे रथ घेण्याचाही. पण दोन नकार सारख्या वजनाचे नाहीत. नवा रथ नाकारणे ही मुमुक्षूची गोष्ट. ती सर्वांकडून अपेक्षिता येत नाही. आपला दोष दुसऱ्याच्या गोठ्यात गुपचूप बांधून येऊ नये, ही मात्र साध्या गृहस्थाकडूनही अपेक्षिता येते. आमच्या गावाकडे बैलाचे वय दात पाहून ठरवीत. ते लपवता येत नसे. परंतु अंगची खोड दातांत दिसत नाही. ती विकणाराच सांगेल तर कळते.

विनिमयाची खरी मोहिनी इथे आहे. त्यात देणे झाकले जाते. दान करताना घेणाऱ्याचे तोंड तरी दिसते. विक्रीत निदान घासाघीस करणारा समोर असतो. बदलून घेताना जुनी वस्तू नव्या वस्तूच्या किमतीतील एक वजावट होऊन बसते आणि तिच्या पुढच्या धन्याला आपल्या डोळ्यांपुढे यावेच लागत नाही. कायद्यालाही तिचे काय करावे हे नीटसे ठाऊक नाही. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि मग तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील मोटारींना निराळ्या नोंदणीचा मान दिला. मधली पस्तीस वर्षे वस्तू ना कामाची ना कौतुकाची. या वयात तिच्याविषयीचे कर्तव्य धन्याच्या विवेकावरच सोपवलेले असते. तिचा धूर शेजाऱ्यांच्या छातीत जातो, हाही त्या विवेकाचाच भाग. ती गाव बदलते तेव्हा धूर संपत नाही. फक्त आपल्या शेजारी राहणारे बदलतात.

राहिला नव्या रथाचा प्रश्न. २०२२ च्या एका जागतिक पाहणीत बंगळूरच्या मध्यभागी दहा किलोमीटर जाण्यास सरासरी सुमारे एकोणतीस मिनिटे लागतात असे आढळले होते. अशा शहरात वेगवान मोटार घेणारा माणूस वेग घेत नाही. वेगाची शक्यता घेतो. मी हे हसून म्हणालो तेव्हा पुतण्याने शांतपणे उत्तर दिले, "काका, तुमच्या कपाटातली निम्मी पुस्तकं तुम्ही तरी कुठे वाचलीत?" त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. शक्यता जवळ बाळगण्याची हौस चाळिशीतल्या माणसाला शोभत नाही, असे म्हणणारा मी कोण? मी एवढेच म्हणालो की, गरज आहे म्हणू नकोस. हवी आहे म्हण. इच्छेला गरजेचे कपडे चढवले की जुन्या वस्तूचे दोष मोठे दिसू लागतात, आणि मग तिच्यावर अन्याय करणे सोपे जाते.

गाडी अखेर शोरूमकडे गेली नाही. वीस वर्षे तिची देखभाल करणाऱ्या मेस्त्रीने ती घेतली. त्याला दोष सांगण्याचे कारण नव्हते. तेच आम्हांला सांगत आले होते. शोरूमने देऊ केलेल्या रकमेपेक्षा त्याने बरेच कमी दिले, आणि ही तूट पुतण्याने सोसली. नवी गाडी त्याने सहा महिन्यांनी घेतलीच. वहिनी तिच्यात एकदा बसल्या आणि फार खाली बसावे लागते म्हणाल्या.

माझी अनुज्ञा योग्य होती की नाही याविषयी मी अजून निःशंक नाही. गाडी ठेवून ती चालती ठेवली असती तर तेही चांगलेच झाले असते. पण ते करणारा घरात कोणी उरला नव्हता. वस्तूंशी आपले नाते काय, या प्रश्नाचे उत्तर वस्तूत शोधण्यात माझी बरीच वर्षे गेली. आता कोणी काही बदलून घ्यायला निघाला की मी त्याला नवे कसे आहे हे विचारीत नाही. जुने कोणाला देणार, आणि त्याला सांगितले आहे का, एवढेच विचारतो.