गुपित कोणाचे?

नर्सच्या पेशात उभा जन्म गेला. रोग्याचे बोलणे पोटात ठेवावे, हा पहिला धडा मी कधी मोडला नाही. तो कोठे संपतो, हे मात्र निवृत्तीनंतर, येथे पेंडल हिलच्या माझ्या स्वयंपाकघरात कळले.

भाचा तिशीतला. छाती अशी की सदऱ्याची बटणे लागेनात. आम्ही सारे कौतुकाने पाहत असू. एकदा पाठीवरच्या फोडांना मलम मागायला आला, तेव्हा मी सरळ विचारले. म्हणाला, "मावशी, तीन वर्षे ॲनाबॉलिक स्टिरॉइडची इंजेक्शने घेतोय. कोणाला सांगू नकोस." डॉक्टरची चिठ्ठी नव्हती; जिममधल्या मित्राने आणून दिली होती.

ही औषधे पुरुषी हार्मोनचीच भावंडे. बाहेरून पुरवठा सुरू झाला की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना हुकूम धाडणे थांबवते. वृषण आक्रसतात, शुक्रजंतू घटतात, कित्येकांत शून्यावर येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1990 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तर पुरुषी हार्मोनचे इंजेक्शन, आठवड्याला 200 मिलिग्रॅम, संततिनियमनासाठी वापरून पाहिले होते, आणि बहुतेकांना ते लागू पडले. मर्दपणासाठी टोचायचे ते हेच!

इकडे लग्नाला चार वर्षे होऊन मूल नव्हते. सुनेच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, मग नळ्यांचा एक्स-रे झाला. नवऱ्याच्या तपासणीची तारीख दर वेळी पुढे जाई. बहिणीने एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिद्याचा नवस बोलला, सुनेची कूस उजवावी म्हणून. त्यात मुलाचे नाव नव्हतेच. आपल्यात असेच चालते.

मी सात महिने गप्प. त्याचे शरीर, त्याचे गुपित, असे मनाला समजावीत राहिले. पण सुई तिच्या दंडात जात होती. ज्या गुपिताची किंमत दुसऱ्याने भरायची, ते एकट्याचे कसे? शेवटी त्याला म्हटले, "आठ दिवसांत बायकोला सांग. तिने मला विचारले तर मी खोटे बोलणार नाही. आणि डॉक्टरकडे जा, मनाने काही करू नकोस."

त्याने सांगितले. आता इंजेक्शने बंद आहेत. नवे शुक्रजंतू तयार व्हायलाच अडीच महिने लागतात. पूर्ववत व्हायला पुष्कळांना अनेक महिने, काहींना वर्षाहून अधिक, आणि काहींचे पूर्ण भरून येतच नाही. डॉक्टरांनी थांबायला सांगितले आहे.

परवा पेंडल वेवर सून भाजी घेताना भेटली. "मावशी, तुम्हाला केव्हापासून ठाऊक होते?"

मी खरा महिना सांगितला. तिने बोटांवर मोजले.

"म्हणजे माझ्या एक्स-रेच्या आधीपासून," ती म्हणाली.