बाहेरकाठ्याच्या आतलं जग

गॉथिक भयकथेचा जन्म एका बळकावलेल्या वारशातून झाला. होरेस वॉलपोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ या १७६४ सालच्या कादंबरीत आजोबा खऱ्या धन्याला विष घालतो आणि त्याची किंमत नातवाला मोजावी लागते. पुढच्या लेखकांनी त्यातला किल्ला, तळघर, वादळी रात्र उचलली. ‘ड्रॅक्युला’ (१८९७) येईपर्यंत पडका किल्ला ही या प्रकाराची ओळखच झाली आणि वारशाचा धागा मागे पडला. मला तोच धागा महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे असं कल्पित जग रचायचं, तर ते तिथूनच सुरू करायला हवं.

मराठीत नारायण धारपांनी भय माजघरात आणलं. रत्नाकर मतकरींनी ते मध्यमवर्गीय माणसाच्या मनात नेलं. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ची (२०१८) प्रेरणाही धारपांच्याच कथेत होती. नाव मात्र श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेलं. चित्रपटातल्या हस्तर या राक्षसाला सोनं मिळालं, पण धान्य नाकारलं गेलं. म्हणून तो कणकेच्या बाहुलीवर झडप घालतो. कोकणातल्या राक्षसाला रक्ताऐवजी पिठाची भूक असावी, ही कल्पना मला या चित्रपटातली सर्वांत मोठी वाटते. ज्या मुलखात पिकवणाऱ्याच्याच घरात भात उरत नसे, तिथली भीती दुसऱ्या कशाची असणार?

‘तुंबाड’ची कथा १९१८ ते १९४७ या काळात घडते. त्याच काळात अलिबाग तालुक्यातल्या चरी परिसरातल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांची शेतं कसणं थांबवलं. १९३३ ते १९३९ जमीन पडीक राहिली. घरं उपाशी राहिली, पण नांगर धरला नाही. खोती कायद्याने संपायला १९४९ उजाडावं लागलं. कल्पित जगातल्या शापित वाड्याला यापेक्षा भक्कम पाया कुठून आणायचा? पिढ्यानपिढ्या दुसऱ्याचं धान्य ज्या कणग्यांत साठलं, त्या कणग्या असलेलं घर.

पण वाड्याभोवतीचा मुलूखही हवा. पेण तालुक्यातल्या गडबला मुंबई–गोवा महामार्गावर उतरून पश्चिमेला धरमतर खाडीच्या बाजूला चालत गेलं, की तो मिळतो. ही खारजमीन समुद्राकडून मागून घेतलेली आहे. बाहेरकाठा म्हणजे समुद्राकडचा बांध, मातीचा. उघाडीतून आतलं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं आणि भरतीला दार लावून घ्यायचं. अमावस्या-पुनवेच्या उधाणात बांधाला खांड पडली, की खारं पाणी भातात शिरतं आणि मग बरेच पावसाळे ती जमीन धुऊन निघायची वाट बघावी लागते. पाणी ओसरलं तरी मीठ खाली राहतं आणि उन्हाळ्यात वर येऊन पांढरं दिसतं. गाडलेलं परत वर येणं, हे गॉथिकचं सारं सूत्र इथे मातीतच आहे. त्यासाठी तळघर खणावं लागत नाही.

माणसं कशी मरून उरतात, याचे नियमही कोकणाने आधीच केलेत. एन्थोव्हेन यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोकणच्या लोकसमजुतींच्या टिपणांत भुतांची मोठी यादी आहे. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुंजा. पाण्यात बुडून मेला तो गिऱ्हा. अविवाहित, विवाहित, विधवा, जात, सारं मेल्यावरही चिकटून राहतं. ही यादी मला समाजाचा हिशोब वाटते: कुणाला काय द्यायचं राहिलं, याचा. मनघडंत जादूच्या नियमांपेक्षा ती कितीतरी कठोर आहे.

म्हणून माझ्या मनातल्या जगात गिऱ्हा हा खलनायक नाही. खांड बुजवताना मध्यरात्री चिखलात उतरलेले आणि परत न आलेले लोक तो होतात. पूर्वी गावकरी मिळून बांध राखत. त्या सामाईक कामाला इकडे जोळ म्हणत. माझ्या जगात जिवंत आणि मेलेले, दोघांनाही जोळीचं काम चुकत नाही. वाड्यातला खोत मात्र कधी पाटी उचलत नाही. त्याच्या वंशजाला वारशात वाडा मिळतो तसं आजोबा-पणजोबांचं न केलेलं कामही मिळतं, आणि पाण्यातले लोक ते मागायला येतात.

ते त्याचं रक्त मागत नाहीत. उधाणाच्या रात्री बांधावर ये आणि तुझ्या वाटणीची माती टाक, एवढंच सांगतात. तो गेला तर काय होईल, हे मी अजून ठरवलेलं नाही. शेजारी डोलवीत पोलादाचा कारखाना आहे, रात्रभर उजेड असतो. वंशज आज त्या बाजूला जमीन विकायला निघाला असेल, तर पाण्यातल्या लोकांनी कुणाचं दार ठोठावायचं, हा माझा पुढचा प्रश्न आहे.