घाव एकाचा, दोष कितीकांचा?

टोळीने सुरे चालवून खून केला की अपिलात प्रत्येक जण म्हणतो, "प्राणघातक घाव माझा नव्हे." अभिमन्यूला तरी जयद्रथाने कोठे मारले होते? त्याने पांडवांची वाट अडविली. तथापि अर्जुनाची प्रतिज्ञा त्याच्याच वधाची. बालाघाट पूर्वी ज्या नागपूर उच्च न्यायालयाच्या कक्षेत होते, तेथील एकेकाळचे मुख्य न्यायाधीश व्हिव्हियन बोस यांनी १९५४ साली सर्वोच्च न्यायालयात 'पांडुरंग विरुद्ध हैदराबाद राज्य' हे अपील निकालात काढले. पाच जणांनी कुऱ्हाडी-काठ्यांनी एकास मारले होते. एकाच वेळी तुटून पडणे म्हणजे एकच संकल्प नव्हे; तो क्षणभर का होईना, आधी जुळलेला हवा, असे ठरवून पांडुरंगास स्वतःच्या घावापुरतीच शिक्षा दिली. मृताच्या आप्तांस हा भेद निष्ठुर वाटेल. पण सोबत्याचे मन न जाणता धावलेल्यास जयद्रथाच्या पंक्तीस बसविण्यास मी तरी धजत नाही.