रीटेकमध्ये शिकलेली इंग्रजी

महाराष्ट्राने 2000 साली मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली, त्याला आता पाव शतक होऊन गेले. पहिली ते दहावी सलग दहा वर्षे हा विषय शिकून बाहेर पडलेल्या कितीतरी तुकड्या आज नोकरीधंद्यात आहेत. त्यांतल्या फार मोठ्या वर्गाला इंग्रजीत सलग चार वाक्ये बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडते. देशाच्या ग्रामीण भागाचे चित्र ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत दिसते. पाचवीतल्या ज्या मुलांना साधी इंग्रजी वाक्ये वाचता येतात त्यांचे प्रमाण 2016 साली 24.7 टक्के होते, 2022 साली 24.5 टक्के. आणि हे झाले वाचनाचे. बोलणे तर कुणी नीट मोजतच नाही, कारण ते वर्गात घडतच नाही. साधा हिशेब करून पाहावा. 40 मिनिटांची तासिका आहे, वर्गात 50 मुले आहेत आणि शिक्षकांनी स्वतः एक शब्दही उच्चारला नाही असे धरले, तरी एका मुलाच्या वाट्याला 48 सेकंद येतात. प्रत्यक्षात शिक्षक बोलतात, फळ्यावर लिहितात, हजेरी घेतात. मुलाच्या वाट्याला सगळ्यांबरोबर एका सुरात दिलेले उत्तर उरते. आपल्या मुलांना इंग्रजी येत नाही, या तक्रारीच्या मुळाशी हा भागाकार आहे. चांगले पुस्तक, चांगला शिक्षक किंवा भिंतीवरचा डिजिटल फळा यांपैकी कशानेही तो बदलत नाही.

मुलांनी गटागटाने इंग्रजीत छोटे व्हिडिओ तयार करावेत, त्यांच्या स्पर्धा व्हाव्यात, या कल्पनेकडे मी या भागाकाराच्या दृष्टीने पाहतो. तिच्या बाजूने नेहमी सांगितले जाते की मुलांना मोबाइल आवडतो, त्यामुळे ती रमतात. हे खरे असले तरी एवढ्यावर शिक्षणाची पद्धत उभी राहत नाही. खरे कारण चित्रीकरणाच्या स्वभावात आहे. दोन मिनिटांचा व्हिडिओ पहिल्या फटक्यात होत नाही. वाक्य अडखळते, मागून रिक्षा जाते, कुणाला हसू फुटते, बोलणारी मुलगी मधलाच मुद्दा विसरते. मग पुन्हा पहिल्यापासून. अशा आठ-दहा रीटेकमध्ये तेच वाक्य आठ-दहा वेळा तोंडातून जाते. शिवाय प्रत्येक वेळी ते कुणाला तरी काहीतरी कळावे म्हणून उच्चारले जाते. वहीत दहादा लिहिलेल्या वाक्यात हा हेतू नसतो. मुले स्वतःचे चित्रण पाहतात तेव्हा शिक्षकाने न सांगता त्यांना ऐकू येते की शब्दाचा शेवट गिळला गेला, वाक्य अर्ध्यात तुटले. आपलेच बोलणे परक्या कानाने ऐकण्याची ही सोय पूर्वीच्या कुठल्याही वर्गाला सहज मिळत नव्हती.

भाषाशिक्षणाच्या अभ्यासात याला आधार आहे. कॅनडात इंग्रजीभाषक मुलांना शालेय विषय फ्रेंचमधून शिकवण्याचे वर्ग गेल्या शतकात रुजले. वर्षानुवर्षे फ्रेंच कानावर पडल्यामुळे या मुलांची समज उत्तम झाली. बोलण्यालिहिण्यात मात्र व्याकरणाच्या ठळक चुका राहिल्या. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी 1985 साली त्याचे कारण मांडले: मुलांना ऐकायला भरपूर मिळाले, पण सविस्तर बोलायची वेळ त्यांच्यावर क्वचितच आली. ऐकताना अर्धे शब्द कळले तरी संदर्भाने निभावते. बोलताना वाक्य स्वतः जुळवावे लागते आणि आपल्याला काय येत नाही ते तिथेच उघडे पडते. याच क्षेत्रातले पॉल नेशन यांनी अभ्यासलेली एक युक्ती याला जोडून पाहण्यासारखी आहे. विद्यार्थ्याने एकच विषय एका श्रोत्याला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत सांगायचा. त्यांच्या छोट्या अभ्यासात तिसऱ्या फेरीपर्यंत बोलण्याचा वेग वाढला, अडखळणे कमी झाले. रीटेक म्हणजे हीच युक्ती, फक्त ती मुलांवर कुणी लादत नाही. चांगला व्हिडिओ हवा या हट्टापायी ती आपण होऊन करतात.

पण स्पर्धा आली की परीक्षकापुढे तयार व्हिडिओ येतो, त्यामागचे रीटेक येत नाहीत, आणि गडबड तिथे सुरू होते. ज्या शाळेकडे चांगला कॅमेरा, संकलन जाणणारा पालक आणि इंग्रजी माध्यमातून आलेली एखादी चुणचुणीत मुलगी आहे, ती शाळा बक्षीस नेते. शिक्षक संहिता लिहून देतात, तीच मुलगी सगळे बोलते, उरलेली मुले मागे फलक धरून उभी राहतात. अशा व्हिडिओत 30 मुलांनी भाग घेतला आणि इंग्रजी एकीने बोलली, असा हिशेब निघतो. भागाकार होता तिथेच राहतो. म्हणून स्पर्धाच नकोत, असे म्हणणारे शिक्षक आहेत आणि त्यांचा वैताग समजण्यासारखा आहे. तरी मला स्पर्धा हव्यात असे वाटते. ठरलेली तारीख आणि अनोळखी प्रेक्षक असल्याशिवाय दहावा रीटेक कुणी घेत नाही. महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालू आहे. करंडक दरवर्षी एकाच महाविद्यालयाला मिळतो, तालमी मात्र सगळी महाविद्यालये करतात, आणि मराठी रंगभूमीला नट-लेखक त्या तालमींनी दिले. 2022 साली परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या तोलाची नाही असे ठरवले आणि करंडक कुणालाच दिला नाही. निकष परीक्षकांच्या हातात असतो आणि तो त्यांना ठामपणे वापरता येतो.

तेव्हा निकष बदलायला हवेत. गटातल्या प्रत्येक मुलाचा आवाज किमान अर्धा मिनिट ऐकू आला पाहिजे. तयार व्हिडिओबरोबर पहिल्या दिवशीचे कच्चे चित्रणही मागवावे आणि दोहोंमधल्या अंतराला गुण द्यावेत. संकलन, पार्श्वसंगीत, ड्रोनने टिपलेली दृश्ये यांना गुणच नसावेत. विषयही असा हवा की जो इंटरनेटवर आयता सापडत नाही: गावातल्या कुंभाराचा आवा, आठवडी बाजार, आजीची पेरणीची आठवण. कुंभार मराठीतच बोलेल. त्याच्या बोलण्याखाली इंग्रजी उपशीर्षके मुलांनी द्यायची. पडद्यावर दोन ओळींची जागा आणि तीन-चार सेकंदांचा वेळ, एवढ्यात माणसाच्या बोलण्याचा गाभा दुसऱ्या भाषेत उतरवणे हा भाषांतराचा कसून घेतलेला व्यायाम आहे. शिवाय यात मुलाला आपली मराठी दाराबाहेर काढून ठेवावी लागत नाही, आणि मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

सर्वांत वजनदार आक्षेप आपल्याच देशातल्या एका प्रयोगातून येतो. भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांत व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून, डोके चालवायला लावणाऱ्या कामांमधून इंग्रजी शिकवली. बंगलोर प्रकल्प म्हणून तो जगभर ओळखला जातो. मात्र प्रभूंनी गटकामावर भर दिला नाही. मुले आपापसात बोलली तर एकमेकांची मोडकी इंग्रजीच पक्की करतील, अशी त्यांना शंका होती. व्हिडिओचा सगळा डोलारा गटावर उभा, मग ही शंका त्याला लागू नाही का? लागू आहे. गटाला मोकळे सोडून दिले तर चित्रीकरणाची चर्चा मराठीत होईल आणि कॅमेऱ्यासमोर पाठ केलेली चार चुकीची वाक्ये येतील. यावर उपाय शिक्षकाच्या हातात आहे. संहितेचा पहिला खर्डा मुलांचा असावा, दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी शिक्षक त्यांच्याबरोबर बसलेले असावेत, आणि चित्रीकरण त्यानंतरच. पाठांतराचे मला भय वाटत नाही. ज्याच्याजवळ इंग्रजीचे एकही सबंध वाक्य नाही, त्याला स्वतःच्या अनुभवाची 20 वाक्ये तोंडपाठ असणे ही पुढच्या बोलण्याची शिदोरी आहे. पाठांतरापाशीच गाडी अडू नये म्हणून व्हिडिओ दाखवून झाल्यावर वर्गाने प्रत्येकाला दोन प्रश्न विचारावेत. यंत्राकडून संहिता लिहून घेतली असेल, तर तेही तिथेच कळते.

याला वेळ कुठून आणायचा, असे शिक्षक विचारतील. त्यासाठी जागा आधीच आहे: दहावीच्या भाषाविषयांत तोंडी परीक्षेसह अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण आहेत. ते सढळ हाताने वाटले जातात, या कारणावरून 2018-19 मध्ये काढून टाकले गेले. त्या वर्षी दहावीचा राज्याचा निकाल 89.41 वरून 77.10 टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी नवा होता, त्यामुळे सगळी घसरण या 20 गुणांच्या माथी मारता येणार नाही. पुढच्याच वर्षी ते परत आले. ते वाटले जातात, कारण तोंडी परीक्षेचा मागे काही पुरावा राहत नाही. जूनमधले आणि फेब्रुवारीतले एकेक मिनिटाचे चित्रण ठेवले तर तो राहील, आणि वेगळी तासिकाही काढावी लागणार नाही.

राहिला फोनचा प्रश्न. 2024 च्या ‘असर’नुसार ग्रामीण भागातल्या 14 ते 16 वयाच्या सुमारे 89 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. पण घरात फोन असणे आणि तो हातात येणे यांत फरक आहे. फोन वापरता येणाऱ्यांतही स्वतःचा फोन असलेले मुलगे 36 टक्क्यांच्या आसपास आहेत, मुली 27. घरी करून आणा म्हटले की या मुली मागे पडणार. म्हणून चित्रीकरण शाळेतच, शाळेच्या एकाच फोनवर व्हावे. आणि ते शाळा व स्पर्धेचे परीक्षक-प्रेक्षक यांच्याबाहेर जाऊ नये. मुलांचे व्हिडिओ सरसकट यूट्यूबवर टाकून लाइक मोजणाऱ्या स्पर्धा बंद व्हायला हव्यात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक मानली आहे. शाळेने त्याच्याही पुढे जाऊन मुलीला स्वतःला विचारावे. तिला चेहरा दाखवायचा नसेल तर कॅमेरा तिच्या हातांवर राहू द्यावा, चाकावर फिरणाऱ्या मडक्यावर राहू द्यावा. गुण तिच्या आवाजाला आहेत.