गळका नळ आणि चंद्रावरील पाणी

मनुष्याचे मन दूरच्या वस्तूकडे जितक्या वेगाने धावते, तितक्या वेगाने त्याचा हात जवळच्या वस्तूकडे जात नाही, हा अनुभव काही नवा नाही. परंतु या विसंगतीत दोष मनाचा की हाताचा, याचा विचार जितका व्हावयास पाहिजे तितका होत नाही. कोणी मनालाच दोष देतात आणि त्याचे पंख कापावयास निघतात. कोणी हाताची कीव करतात आणि त्याला कामातून मोकळीक देतात. आम्हांस हे दोन्ही पक्ष सारखेच अपुरे वाटतात. त्याचे कारण सांगण्यापूर्वी एक घरगुती हकीकत सांगणे अवश्य आहे. हकीकत क्षुल्लक आहे. पण क्षुल्लक गोष्टींनीच आमचा हा लेख व्यापलेला आहे, तेव्हा वाचकांनी क्षमा करावी.

एका रविवारी सायंकाळी आमच्या घरी चार मंडळी जमली असता चंद्रावरील पाण्याचा विषय निघाला. शेजारचे एक सेवानिवृत्त गृहस्थ म्हणाले, "खेड्यापाड्यांत बाया हंडे डोक्यावर घेऊन कोसभर चालतात, आणि आपण कोट्यवधी रुपये खर्चून चंद्रावर पाणी शोधतो! आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?" आमचा पुतण्या तरुण आणि शास्त्राचा अभिमानी. तो म्हणाला, "अण्णा, त्यांतला एक रुपयाही चंद्रावर गेलेला नाही. तो इथल्याच कारखान्यांत आणि इथल्याच माणसांच्या पगारांत खर्च झाला." पाहता पाहता वाद रंगला. जो तो राष्ट्राच्या तिजोरीच्या किल्ल्या आपल्याच कमरेला असल्यासारखा बोलू लागला. आम्हीही त्यात मागे नव्हतो. इतक्यात आतून मातोश्रींचा आवाज आला, "चंद्रावरच्या पाण्याचा निकाल लागेल तेव्हा लागो, मोरीतली बादली भरून वाहते आहे, ती आधी कोणीतरी उचला."

आमच्या मोरीतील नळ दोन महिने गळत होता, आणि त्याखाली बादली ठेवणे यालाच आम्ही दुरुस्ती समजत होतो. त्या रात्री आम्ही घड्याळ समोर ठेवून थेंब मोजले. सेकंदास एक थेंब पडत होता. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तरी दिवसाचे सव्वाचार लिटर आणि वर्षाचे दीड हजार लिटरांहून अधिक पाणी होते. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आम्ही लहानपणी पाठ केली होती. थेंबे थेंबे तळे आटते, हा तिचा दुसरा अर्ध आम्हांस कोणी शिकविला नव्हता.

आता प्रश्न असा की, घरचा नळ गळत असता चंद्रावरील पाण्याची चर्चा करण्याचा आम्हांस अधिकार आहे काय?

अण्णांच्या आक्षेपाला प्रथम योग्य तो मान दिला पाहिजे. तहानलेल्या माणसाचे दुःख हे कोणत्याही शास्त्राहून मोठे आहे, यात वाद नाही. परंतु जवळचे सर्व दुःख निवारण झाल्याखेरीज दूर पाहू नये, हा नियम मान्य केला, तर आपल्या पूर्वजांनी आकाशाकडे पाहिलेच नसते. मृग लागला की पेरणीची तयारी करावी, हे ज्ञान शेतकऱ्यास जमिनीकडे पाहून मिळालेले नाही. आकाश आणि पाणी यांचा संबंध आपल्या देशात शेताइतका जुना आहे. शिवाय, चंद्रावरील खर्च थांबताच तो पैसा आपोआप विहिरीत उतरेल, हे गृहीतही तपासून पाहण्यासारखे आहे. गावची विहीर कोरडी राहते ती बहुधा नियोजन, देखरेख आणि न्याय यांच्या अभावाने. अंतराळयान उडाले म्हणून नव्हे.

पुतण्याच्या पक्षातील अर्धे सत्यही पाहू. चंद्रावर पाणी शोधतात ते केवळ नवलाईसाठी नव्हे. पृथ्वीवरून वर न्यावयाचे प्रत्येक भांडे फार महाग पडते. पाणी तेथेच मिळाले तर ते पिता येते. विजेने त्याचे पृथक्करण केले तर श्वासासाठी प्राणवायू मिळतो, आणि प्राणवायू व हायड्रोजन मिळून अग्निबाणाचे इंधन होते. चंद्राचा अक्ष अगदी थोडा कललेला असल्यामुळे त्याच्या ध्रुवांजवळील काही खळग्यांच्या तळाशी सूर्यकिरण कधीच पोहोचत नाहीत, आणि त्या थंडीत बर्फ टिकून राहू शकते. भारताने 2008 साली सोडलेल्या चंद्रयान-1 वर एक अमेरिकन उपकरण होते. चंद्रपृष्ठावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशात त्याला पाण्याच्या व हायड्रॉक्सिलच्या खुणा दिसल्या, आणि 2009 च्या सप्टेंबरात ही गोष्ट जाहीर झाली. त्याच वर्षी 9 ऑक्टोबर रोजी अमेरिकेने दक्षिण ध्रुवाजवळील कॅबियस नावाच्या विवरात अग्निबाणाचा रिकामा भाग आदळविला. उडालेल्या धुरळ्यात पाणी सापडले. 2020 साली तर सूर्यप्रकाशात असणाऱ्या क्लेव्हियस विवरातही पाण्याचे रेणू असल्याचे कळले. मात्र त्याचे प्रमाण असे की, सहारा वाळवंटातील मातीत त्याच्या शंभरपट पाणी असावे!

या इतिहासात आम्हांस सर्वांत आदरणीय वाटते ती मात्र शोधांची यादी नव्हे, तर चुकांची कबुली. 1877 साली इटलीतील ज्योतिषी शियापारेल्ली याने मंगळावर रेषा पाहिल्या. पुढे अमेरिकेतील लोवेल याने त्या रेषांचे कालवे केले आणि कालव्यांवर एक बुद्धिमान जात वसविली. 1965 साली मरिनर-4 या यानाने जवळून छायाचित्रे घेतली, आणि कालवे नाहीसे झाले. मंगळाच्या उतारांवरील काळसर ओघळ हे वाहत्या पाण्याचे, असे 2015 साली मोठ्या आनंदाने सांगण्यात आले. 2017 साली नव्या अभ्यासाने दाखविले की ते कोरड्या वाळूचे घसरणे असणे अधिक संभवनीय आहे. आपले म्हणणे मागे घेण्याचे हे धैर्य आमच्या त्या रविवारच्या सभेत एकाही सभासदाने दाखविले नाही. कारण उघड आहे. आमच्या मतांवर आमचे काहीच अवलंबून नव्हते. ज्याला यान उतरवावयाचे असते, त्याला खोटे मत बाळगणे परवडत नाही.

आणि जेथे ते बाळगले जाते, तेथे काय होते याचेही उदाहरण अंतराळातच आहे. 2013 च्या जुलै महिन्यात आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाबाहेर काम करून आलेल्या लुका पार्मितानो या इटालियन अंतराळवीराच्या शिरस्त्राणात पाणी आढळले. पिण्याच्या पिशवीतून गळले असेल, असे सर्वांनी ठरविले आणि विषय संपविला. एका आठवड्याने, 16 जुलै रोजी, तो पुन्हा बाहेर गेला. या वेळी डोक्यामागून पाणी येऊ लागले. तेथे भाराचा अनुभव नसल्याने ते खाली ओघळेना. ते चेहऱ्याला चिकटले, डोळ्यांवर व नाकावर चढले. दिसेनासे झाले असता तो सुरक्षिततेच्या दोरीच्या आधाराने दारापर्यंत कसाबसा आला आणि वाचला. शिरस्त्राणात सुमारे दीड लिटर पाणी जमले होते. पुढे चौकशीत निघाले की, दोष पिशवीचा नसून पोशाखातील पाणी व हवा वेगळी करणाऱ्या यंत्राचा होता. त्याची छिद्रे बुजली होती. पहिल्या गळतीचा माग नीट काढला असता तर दुसरा प्रसंग टळला असता. नंतर उपाय काय केला? शिरस्त्राणात पाणी शोषणारी गादी बसविली, आणि प्रसंग पडल्यास श्वास घेण्यासाठी एक नळी! पृथ्वीवरील कोणत्याही गृहिणीला सुचला असता असा हा उपाय.

हे वाचून आमची मान खाली गेली. "पिशवीतून गळले असेल" आणि "बादली ठेवा म्हणजे झाले" या दोन वाक्यांत जात एकच आहे. दोहोंत गळतीचे कारण शोधण्याऐवजी तिच्याशी तह केलेला आहे.

तेव्हा दुसऱ्या दिवशी आम्ही पाना घेऊन मोरीत शिरलो. नळ गळतो म्हणून तो अधिक जोराने आवळावा, ही आमची दोन महिन्यांची विद्या. त्यामुळे आतील रबरी वायसर अधिकच कापला गेला होता, हे नंतर समजले. मुख्य चावी बंद करण्याचे आम्हांस सुचले नाही, आणि नळाची टोपी फिरताच पाण्याची जी धार उडाली तिने आमचे तत्त्वज्ञान भिजवून टाकले. अखेर चावी बंद झाली, नवा वायसर बसला, आणि नळ पूर्वीसारखाच गळू लागला. शेवटी एक तरुण कारागीर बोलावला. त्याने नळ उघडून आत बोट फिरविले आणि म्हणाला, "साहेब, आत सीटवर खार चढलाय. तो घासल्याशिवाय कितीही वायसर बदला, बसायचा नाही." दहा मिनिटांत थेंब थांबला.

त्याच्या बोटाच्या टोकाशी जे ज्ञान होते, ते आमच्या कपाटातील एकाही पुस्तकात नव्हते. आम्हां पांढरपेशांच्या घरांत हाताच्या कामाला पिढ्यान्‌पिढ्या कमी लेखण्यात आले. ज्याचे हात मळतात त्याला दाराबाहेर उभे करून आपण आत बसून विचार करावा, अशी वाटणी झाली. घरची लहानसहान दुरुस्ती स्वतः करावी असे आम्ही म्हणतो, ते चार पैसे वाचतात म्हणून नव्हे. ज्याने स्वतः एकदा तरी पाना धरून हार खाल्ली आहे, तो कारागिराच्या मजुरीवरून घासाघीस करीत नाही. अर्थात या स्वावलंबनालाही मर्यादा आहे. विजेच्या तारा, गॅसची नळी, तुळईला गेलेली चीर, यांच्याशी हौसेने खेळणे म्हणजे स्वावलंबन नव्हे, तर हात दाखवून अवलक्षण. आपले ज्ञान कोठे संपते हे ओळखणे हाही दुरुस्तीचाच भाग आहे.

राहता राहिला एक प्रश्न, आणि तोच आमच्या मते सर्वांत अवघड आहे. "आम्ही पाणीपट्टी भरतो, नळ गळला तर आमचे गळते," असे एकाने आम्हांस ऐकविले. पाणी असे कोणाचे होते काय? 1967 च्या आंतरराष्ट्रीय कराराने चंद्र कोणत्याही राष्ट्राच्या मालकीचा होऊ शकत नाही असे ठरविले. परंतु 2015 साली अमेरिकेने कायदा करून तेथून काढलेली संपत्ती काढणाऱ्याची राहील असे आपल्या नागरिकांना सांगितले, आणि तेथील बर्फ कोणाचे हा वाद आता खरोखरीचा झाला आहे. महाराष्ट्राला हा वाद परका वाटू नये. 20 मार्च 1927 रोजी महाडास चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकरांनी व त्यांच्या अनुयायांनी प्राशन केले, तेव्हा ते केवळ तहान भागविण्यासाठी नव्हते. पाणी पुढ्यात असूनही माणसाला ते नाकारता येते, हे आपल्या समाजाने दीर्घकाळ करून दाखविले होते. ज्यांना तळ्याचे पाणी वाटून घेता आले नाही, त्यांनी चंद्रावरचे वाटण्याची घाई करण्यापूर्वी हे आठवावे. आणि ज्याच्या मोरीतून रोज सव्वाचार लिटर वाहून जाते, त्याने ते आपले गेले असे न म्हणता, कोणाच्या तरी हंड्यातून गेले असे म्हणावे.

तेव्हा अधिकाराच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस असे दिसते. दूर पाहणे हा अपराध नाही. जवळचे न पाहण्यासाठी दूर पाहणे हा अपराध आहे. खेड्यातील हंड्याचे नाव केवळ वादात घेणारे अण्णा, अंतराळाच्या गौरवात घर विसरणारा पुतण्या, आणि दोघांमध्ये पंच होऊन बसलेले आम्ही, तिघेही त्या सायंकाळी एकाच पळवाटेने चाललो होतो. जे खरोखर आकाशात राहतात त्यांची रीत निराळी आहे. अंतराळस्थानकात घाम, उच्छ्वासातील वाफ आणि मूत्र यांतूनही पाणी परत मिळवितात, आणि 2023 साली हे प्रमाण शेकडा 98 पर्यंत गेले. थेंबाची किंमत त्यांना कळते, कारण ते हातांनी यंत्रे दुरुस्त करतात.

परवा मंडळी पुन्हा जमली आणि पुन्हा चंद्राचा विषय निघाला. आम्ही या वेळी चर्चा थांबविली नाही. फक्त आरंभी अण्णांना हळूच विचारले की, त्यांच्या गच्चीवरील टाकी रोज रात्री भरून वाहते ती कशाने. अण्णा थोडे रागावले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्याकडे पाना मागावयास आले.