न विचारता काढलेले फोटो

मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसलेल्या जोडप्याचा पाठमोरा फोटो मुंबईत कॅमेरा गळ्यात अडकवलेल्या जवळपास प्रत्येकाने कधी ना कधी काढलेला असतो. दोन डोकी, एक ओढणी, पुढे मावळतीचा समुद्र. चेहरा दिसत नाही, म्हणजे आपण काही वावगं केलं नाही, असंही तो काढणाऱ्याला वाटतं.

पण ती दोघं शहराकडे पाठ करून का बसलीत? घरी एका खोलीत पाच-सहा माणसं. लॉजवर गेलं तर शंभर प्रश्न. या शहरात त्यांना लावता येईल असा दरवाजा एकच, तो म्हणजे आपली पाठ. आपण नेमका त्या दरवाजाचा फोटो काढतो. आणि ओढणी कोणाची हे ओळखायला घरच्यांना चेहरा लागत नाही.

मी रस्त्यावर फोटो काढते. दादर, भायखळा, लोकलचा लेडीज डबा. माणसांना न विचारता काढते, कारण विचारलं की माणूस सावरतो, केस नीट करतो, हसतो, आणि ज्यासाठी आपण थांबलो होतो ते निघून जातं. त्यामुळे या धंद्यातला नेहमीचा युक्तिवाद मला पाठ आहे: सार्वजनिक जागेत आलात की दिसणं आलंच, डोळ्यांनी पाहिलेलं चालतं, मग कॅमेऱ्याने पाहिलेलं का नाही?

कायद्याला विचारलं तर देशागणिक वेगळं उत्तर मिळतं. फिलिप-लोर्का डिकॉर्सिया या फोटोग्राफरने न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये फ्लॅश लपवून, लांबच्या लेन्सने येणाजाणाऱ्यांचे चेहरे टिपले. त्यातल्या एका वृद्ध, धर्मनिष्ठ ज्यू गृहस्थांनी दावा लावला, की असं चित्र माझ्या श्रद्धेत बसत नाही. 2006 साली न्यायालयाने निकाल फोटोग्राफरच्या बाजूने दिला: ही कला आहे. उलट जर्मनीत 1898 साली बिस्मार्कच्या मृतदेहाचा फोटो दोघांनी रात्री घरात घुसून काढला, त्यावरून गदारोळ झाला आणि 1907 मध्ये कायदा आला, की माणसाचं चित्र प्रसिद्ध करायचं तर सहसा त्याची संमती हवी. एकीकडे चेहरा रस्त्याचा, दुसरीकडे चेहरा माणसाचा.

मुंबईत हे भांडण आणखी अवघड होतं, कारण इथे रस्ता सगळ्यांसाठी सारखा सार्वजनिक नाही. फुटपाथवर राहणाऱ्या बाईचं स्वयंपाकघर, न्हाणीघर, अंथरूण सगळं तिथेच असतं. 1985 साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर मुंबईचे फुटपाथवासी होते, आणि उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं न्यायालय म्हणालं. ती बाई सकाळी केस विंचरते तेव्हा ती ‘सार्वजनिक जागेत’ असते, पण आपल्या घरातही असते. ज्याच्या खिडकीला पडदा आहे त्याचा असा फोटो आपण काढूच शकत नाही. म्हणून तर ‘स्ट्रीट’च्या नावाखाली दिसतात ते हमाल, झोपलेले मजूर, रडणारी पोरं, वाळकेश्वरच्या बाल्कनीत चहा पिणारे दिसत नाहीत.

मग सोडून द्यावं का हे सगळं? मला नाही वाटत. सगळ्यांनी परवानगी घेऊनच फोटो काढले असते तर आपल्या हाती फक्त लग्नाचे अल्बम आणि सत्कार उरले असते. वॉकर इव्हान्सने 1938 ते 1941 या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा लपवून प्रवाशांचे फोटो काढले. दमलेले, हरवलेले, कोणासाठीच न सजलेले चेहरे. कामावरून परतणारा माणूस कसा दिसतो, हे त्यातून कळतं तसं पोझ दिलेल्या फोटोतून कळलं नसतं. मात्र त्याचं पुस्तक आलं 1966 साली. पंचवीसेक वर्षं तो थांबला. आपण लोकल पुढच्या स्टेशनात शिरायच्या आत स्टोरी टाकतो.

मला वाटतं, खरी मेख इथे आहे. काढणं आणि टाकणं ही दोन वेगळी कामं होती, फोनने ती एकच करून टाकली. व्हिव्हियन मायर शिकागोत मुलं सांभाळायची आणि रस्त्यावर फोटो काढायची, लाखाच्या वर. तिने ते जवळजवळ कोणालाच दाखवले नाहीत. 2007 मध्ये भाडं थकलं म्हणून तिचं सामान लिलावात गेलं, 2009 मध्ये ती वारली, आणि मग ती जगप्रसिद्ध झाली. तिने लोकांना विचारलं नव्हतं. तिलाही कोणी विचारलं नाही.

काढताना मी अजूनही विचारत नाही. झोपलेल्या माणसाचा फोटो मात्र काढत नाही, कारण त्याला मान फिरवायचीही सोय नसते. आणि टाकण्याआधी, जमेल तिथे, शेजारी जाऊन स्क्रीन दाखवते. हे दर वेळी जमत नाही. गर्दीत माणूस निघून गेलेला असतो. मग तो फोटो पडून राहतो.

दादरच्या फुलबाजारात पहाटे झेंडूच्या ढिगाआड बसलेल्या एका काकांना असाच दाखवला. मान खाली, हातात दोरा, खांद्यावर फाटलेलं बनियन, वरून बल्बचा पिवळा उजेड. मी वर्षभरात काढलेला सगळ्यात चांगला फोटो. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला.

“बनियन फाटलेलं दिसतंय.”

“काका, पण फोटो छान आलाय.”

“तुला छान. थांब जरा.”

खुंटीवरचा शर्ट घातला, वरचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला आणि गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले. मी काढला. उजेड सपाट, चेहरा आधार कार्डावरच्यासारखा. त्यांनी मुलाचा नंबर दिला, त्यावर तो पाठवायला सांगितला, आणि पहिल्याचं काय करणार ते काही विचारलं नाही.

मुलाच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीवर आता तो शर्टातला फोटो आहे. बनियनवाला माझ्या फोनमध्ये आहे. मधूनमधून उघडून बघते.