खराटा आणि सूप : पडलेल्या काटक्यांचा विचार

नाशिकजवळचे अंबड आज औद्योगिक वसाहतीमुळे सर्वपरिचित आहे. अशा वसाहतींतील आवारांत हिरवळ राखतात आणि तिच्या कडेने गुलमोहर, वर्षावृक्ष यांसारखी झाडे लावतात. वैशाखातील वळिवाचा एक तडाखा आला की ठिसूळ फांद्या मोडतात व सकाळी सारी हिरवळ काटक्यांनी भरून जाते. त्या तशाच राहिल्या तर खालचे गवत उजेडावाचून पिवळे पडते. गवत कापणाऱ्या यंत्राचे पाते त्यांवर बोथट होते, आणि उडालेली काटकी जवळच्या माणसास इजा करू शकते. तेव्हा काटक्या वेचल्या पाहिजेत, हे उघड आहे. व्यवहाराचा विचार येथे संपतो. धर्माचा विचार येथूनच सुरू होतो.

यावर दोन पक्ष संभवतात. एक म्हणतो : काटकीखाली मुंग्या असतात, वाळवी असते, पोकळ फांदीत किड्यांची अंडी असतात. काटकी उचलणे म्हणजे त्यांचे घर मोडणे. म्हणून अहिंसाव्रतीने तिला हातच लावू नये. दुसरा म्हणतो : वाळलेले लाकूड ते लाकूडच. एका जागी ढीग करावा, काडी लावावी आणि मोकळे व्हावे.

जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हा पदार्थविवेक ज्यास ठाऊक आहे, त्यास दोन्ही पक्षांतील उणीव दिसते. वाळकी काटकी प्रपंचात मोडते. तिच्या आश्रयास आलेली मुंगी जीव आहे. पहिला पक्ष आश्रयालाच आश्रित समजतो आणि कर्तव्य टाकतो. दुसरा पक्ष केवळ आश्रय पाहतो आणि आश्रितास विसरतो. एकाच्या हातून काम घडत नाही, दुसऱ्याच्या हातून हिंसा घडते.

येथे दृष्टान्त आपल्या परंपरेतच आहे. श्रीचक्रपाणी महाराज द्वारावतीस रस्ते झाडीत. हाती खराटा असे आणि सूपही असे. झाडलेला केर सुपात भरून ते गोमतीत नेऊन टाकीत. केवळ खराटा असता तर एका दारचा केर दुसऱ्या दारी गेला असता. खराटा दूर करतो, सूप वाहून नेते. दार्ष्टान्तिक असे की, जागा स्वच्छ झाली म्हणजे कर्म पूर्ण झाले असे नव्हे. जे उचलले ते कोठे गेले, याचा भारही उचलणाऱ्याने वाहिला पाहिजे.

कोणी म्हणेल, तर मग काटक्याही गोदावरीत टाकाव्यात काय? तसे नव्हे. परमेश्वराची लीला स्मरणासाठी असते, बाह्य अनुकरणासाठी नव्हे. सुपाचा भाव घ्यावयाचा. नदीत केर टाकण्याचा आधार त्यातून काढावयाचा नाही.

हा भाव आचारात असा उतरतो. काटक्या पुरेशा उजेडात वेचाव्यात, आणि उचललेली काटकी हलकेच झटकून क्षणभर थांबावे. पोखरलेली फांदी जीवांसह अलगद उचलून कुंपणाच्या सावलीत ठेवावी. तेथे ती कुजून माती होईल आणि तिच्यातील जीवांचा आश्रयही टिकेल. उद्याचे काम वाचावे म्हणून जिवंत फांदी मोडू नये. ढीग पेटवू नये. कारण ढिगात शिरलेल्या जिवाला पळावयास वाट नसते. नागरी भागात विनापरवाना वृक्षतोडीस १९७५ च्या महाराष्ट्राच्या अधिनियमाने बंदी केली, आणि उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये मनाई करून दंड ठरविला. परंतु दंडाच्या भयाने न पेटविलेला ढीग पाहणारा कोणी नसला की पेटतो. दयेने न पेटविलेला ढीग एकान्तातही पेटत नाही.

सर्वांत कठीण प्रश्न मात्र पुढेच आहे. हिरवळ ज्याची असते तो बहुधा स्वतः वाकत नाही. रोजाने आलेली माणसे वाकतात. आठाच्या आत मैदान साफ हवे, एवढीच आज्ञा त्यांना मिळते. ढीग वाहून न्यावयास गाडी नसते, कुजवावयास कोपरा नसतो, वेळ तर नसतोच. मग कोपऱ्यातून धूर निघतो. ते कर्म कोणाचे? काडी ओढणाऱ्याचे खरेच. परंतु ज्याने खराटा दिला आणि सूप दिले नाही, त्याचे ते अधिक आहे. करणाऱ्याइतकाच करविणाराही कर्माचा धनी असतो. म्हणून ज्या वासनिकाच्या शब्दावर चार माणसे काम करतात, त्याने मैदान झाले का, एवढे विचारून थांबू नये. काटक्या कोठे ठेवल्या, हेही विचारावे, आणि त्या ठेवावयास जागा व वेळ आधी द्यावा.

उद्या पुन्हा वारा सुटेल, पुन्हा काटक्या पडतील. त्यामुळे हे काम व्यर्थ ठरत नाही. फक्त ‘मी स्वच्छ केले’ हा अभिमान धरावयास जागा उरत नाही. साधकास तेवढा लाभ पुरेसा आहे.